गंधार कोण वाजवतं?

मिरज,
गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी

चि. माऊ हिस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चारही आलेख मिळाले. मोबाईलवर नीट दिसेनात म्हणून झेरॉक्सवाल्याकडून मोठे काढून आणले. आज त्याला अकरा दिवस झाले. आल्या आल्या ते दुकानात तंबोऱ्याच्या घोड्यांच्या, तारांखालच्या त्या हाडाच्या पट्ट्यांच्या, डब्याखाली दाबून ठेवले होते. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी "बघतो, बघतो" करत आईच्या हातात फोन दिला. तुला वाटलं असेल, अप्पा रागावले. रागावलोच होतो. आणि राग उतरल्यावर जे उरलं ते फोनवर सांगता येईना, म्हणून कागद घेऊन बसलोय. अक्षर लागलं नाही तर आईला फोटो पाठव, ती वाचून दाखवेल.

आधी रागाचं सांगतो. पहिल्या आलेखात तंबोऱ्याच्या आवाजाच्या दोन रेघा आहेत. निळी चाचांच्या, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांच्या, घोडीची, तांबडी माझ्या घोडीची. बराच वेळ दोघी बरोबरीनं चालतात. ४००० हर्ट्झच्या पुढे, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या बारीक उपस्वरांत, निळी खाली उतरते, तांबडी मात्र वरच रेंगाळते. त्याखाली तू लिहिलंस, "अप्पा, तुमची जवारी चाचांपेक्षा बरीच उघडी आहे. वरचे उपस्वर जास्त येतात. मुद्दाम करता का?"

मुद्दाम! घोडीचा माथा घासून तंबोऱ्याला बोलतं करणं म्हणजे जवारी, आणि एक्केचाळीस वर्षं कानस धरलेल्या माणसाला हा प्रश्न, तोही घरातल्या पोरीनं विचारावा. मी मनातल्या मनात तुला शंभर उत्तरं दिली. दोन तंबोरे वेगळे, भोपळे वेगळे, एकाचं लाकूड पस्तीस वर्षं मुरलेलं आणि दुसऱ्याचं अजून ओलसर, तुलना कसली करतेस? मग दुसरं पान उलटलं, तर तिथं तू लिहून ठेवलेलं की मे महिन्यात मी जेवायला घरी गेलो असताना तू चाचांची घोडी काढून माझ्या तंबोऱ्यावर बसवलीस, माझी चाचांच्या तंबोऱ्यावर, आणि दोन्ही परत वाजवून बघितलंस. फरक भोपळ्याबरोबर राहिला नाही, घोडीबरोबर गेला. दोन्ही घोड्या उंटाच्या हाडाच्याच, त्यामुळं तीही पळवाट नाही. म्हणजे माझी सगळी उत्तरं तुला आधीच माहीत होती आणि एकेक दार तू बाहेरून कडी लावून बंद करून ठेवलं होतंस. तारा उतरवून घोडी बदलायची, पुन्हा चढवायची, आणि मी हात धुऊन येईपर्यंत सगळं जागच्या जागी. मला पत्ताही लागला नाही. रागातसुद्धा एवढं मनात आलं की पोरीचा हात साफ आहे.

आईला म्हणालो, आता चार रेघांवरून आमची कारागिरी ठरणार. ती गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रेघा तुमच्याच लेकीच्या आहेत. आणि त्या नाशिकच्या बाईसुद्धा हेच म्हणत होत्या की."

नाशिकच्या बाईंचं तुला माहीत नाही. त्यांचं नंतर सांगतो, कारण ते सांगणं मला जड जातंय.

तुला आठवतं का बघ. तू सात वर्षांची होतीस, दुसरीत. शाळा सुटली की दप्तर घेऊन दुकानात यायचीस आणि भुश्शात बसायचीस. एक दिवस मी मर्दानी तंबोरा लावत होतो. पंचम लावला, जोडीच्या दोन तारा लावल्या, खर्ज लावला, मणी सरकवून बारीक मिळवला. तारेखालचा दोरा जागेवर आला आणि तंबोरा बोलायला लागला. तू एकदम म्हणालीस, "अप्पा, ग कोण म्हणतंय?"

नुकतीच क्लासला जायला लागली होतीस, सारेगम पाठ झालेलं. तंबोऱ्यात प आहे, सा आहे, खालचा सा आहे. गंधाराची तारच नाही. चाचा समोर खुंट्या तासत बसले होते. ते हसले, "बेटी, वो अपने आप आता है." गवई लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, मीही तुला तेच सांगितलं. एवढ्यावर कुठलंही पोर खेळायला गेलं असतं. तू उठलीस, पुढं आलीस आणि पहिल्या तारेवर बोट ठेवलंस. गंधार होताच. दुसऱ्या तारेवर ठेवलंस, तिसऱ्या. चौथ्या तारेवर, खर्जावर, बोट ठेवलंस आणि गंधार विझला. बोट उचललंस, मी पुन्हा छेडली, पुन्हा आला. "इथं राहतो तो," असं म्हणालीस.

आणि मी ओरडलो. घामाच्या हातानं पितळी तार काळी पडते म्हणून. चाचांनी माझ्याकडे नुसत्या भुवया उडवून बघितलं, बोलले काही नाहीत. त्या वेळी मला समजलं नाही, पण चार तारा, एकेक बंद करून बघायची, जी बंद केल्यावर स्वर जातो ती धरायची, ही तीच तर रीत जिनं तू यंदा घोड्यांची अदलाबदल केलीस. तेव्हा तुला फिजिक्स कुठं येत होतं? तुला फक्त एक स्वर ऐकू आला होता आणि तो कुठून येतो हे कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

गेल्या दिवाळीत तूच मला खर्जाचं गणित सांगितलंस ते मी बिलबुकाच्या मागं लिहून ठेवलंय. तार सबंध हलते तशी अर्ध्यातही हलते, तिसऱ्या हिश्श्यात, चौथ्यात, पाचव्यातही. पाचव्या हिश्श्याचा हलका स्वर म्हणजे खर्जाच्या पाचपट, आणि तोच दोन सप्तकं वरचा गंधार. काळी चार पट्टीचा जनानी तंबोरा घेतला तर खर्ज साधारण १०४ हर्ट्झ, त्याच्या पाचपट ५१९. पेटीवर तोच गंधार दाबला तर ५२३. चार हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला चार ठोके. तंबोऱ्याशेजारी पेटीचा गंधार धरला की स्वर थरथरतो, हे मी जन्मभर ऐकलं आणि "पेटी बोचते" एवढंच म्हणत राहिलो. ती सेकंदाला चार वेळा बोचते, हे तू सांगितलंस. त्या रात्री मी पेटी काढून घड्याळासमोर बसलो होतो. मोजता मोजता हसू आलं. बरोबर चार.

ह्या कामात तू एकटी नाहीस. आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, ह्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी हेच मांडलं होतं. समोर अब्दुल करीम खाँसाहेब गाणार, हे तारेच्या लांब्या मोजून गळ्यातली श्रुती, म्हणजे स्वराची नेमकी बारीक जागा, कागदावर उतरवणार. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. बावीसच का आणि नेमक्या कुठल्या, ह्यावर लोक अजून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. मला त्या खोलीचं चित्र आवडतं. एक माणूस डोळे मिटून गातोय, दुसरा पट्टी घेऊन बसलाय आणि दोघंही एकाच स्वराची वाट बघतायत. खाँसाहेबांची कबर आपल्या मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरसाला चिंचेखाली गाणं ऐकत तू माझ्या मांडीवर झोपायचीस, तिथंच.

आता जवारीचं. तू विचारलंस, "जवारी बरोबर लागली हे तुम्हाला कसं कळतं? नेमकं काय ऐकता?" हा तुझा प्रश्न चांगला आहे आणि मी आठ दिवस त्यावर विचार केला.

मी कारागिराच्या घरातला नाही हे तुला माहीतच आहे. अकरावी सायन्सला दोनदा आपटलो, वडिलांनी शेतात घालायचं ठरवलं, तेव्हा एका ओळखीनं चाचांकडे आलो. सतारमेकर गल्लीतली ही घराणी मूळची शिकलगार, तलवारींना धार लावणारी. गल्लीतले पहिले वाद्यकारागीर फरीदसाहेब ह्यांच्या काळात, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, संस्थानिकांच्या पदरच्या गवयांचे तंबोरे दुरुस्त करता करता ह्या विद्येत शिरली. चाचांनी मला पहिली दोन वर्षं फक्त भोपळे घासायला ठेवलं. मंगळवेढा, पंढरपूरकडून भीमाकाठचे कडू भोपळे यायचे, ते भिजवायचे, कापायचे, आतला गीर खरवडायचा, वाळवायचे. त्यांच्या कडू धुळीची चव अजून जिभेवर आहे. मग तूणच्या लाकडाच्या दांड्या, मग तबली, मग पॉलिश. जवारीला मला सातव्या वर्षी बसवलं, आणि तेव्हाही कानस दिली नाही. नुसतं बसायचं आणि ते विचारतील तेव्हा सांगायचं, बंद का उघडी. दिवसाला पन्नास वेळा विचारायचे. सगळी उत्तरं चुकली तरी चिडायचे नाहीत, पण "तुम्ही म्हणाल तशी" असं म्हटलं की मात्र पान-तंबाखूचा डबा भिरकवायचे. "मेरे कान से मत सुन!" माझ्या आयुष्यात कुणी मला दिलेली सगळ्यात मोठी शिवी तीच, आणि शिकवणही तीच.

घोडी वरून सपाट दिसते पण सपाट नसते. तिला पुढच्या अंगाला अगदी जेमतेम उतार असतो. तार त्या उतारावरून जाते आणि छेडली की क्षणभर चिकटते, सुटते, चिकटते, सुटते. उतार जास्त पडला तर आवाज ठोकळ्यासारखा, एकदा वाजला की मेला. त्याला आम्ही बंद म्हणतो. उतार कमी राहिला तर तार चरचरते, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. दोन्हीच्या मध्ये एक जागा असते तिथं आवाज छेडल्यावर विझण्याऐवजी उमलायला लागतो. एकेक उपस्वर वर येतो, आधी एक पुढं येतो, मग तो मागं सरून दुसरा. ती जागा गाठायला तारा चढवायच्या, छेडायच्या, उतरवायच्या, तार घासून जी चकाकी उमटलीय ती बघायची, कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, पुन्हा चढवायच्या. एका घोडीला कधी चाळीस वेळा. शेवटी सुताचा दोरा तारेखाली सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं. आणि एवढं करून पावसाळा लागला की लाकूड फुगतं आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की बरोबर जवारी मला कळत नाही. मला चूक कळते. काहीतरी टोचतंय, काहीतरी अडलंय, एवढंच ऐकू येतं, आणि मी ते काढत जातो. काढायला काही उरलं नाही की थांबतो. तू परवा म्हणालीस ना, की प्रयोगात आपण बरोबर आहोत हे कधी सिद्ध होत नाही, फक्त चूक असल्याचं सिद्ध होतं? मी तेव्हा म्हटलं, असल्या धंद्यात पोट कसं भरतं. आता वाटतं, दोघांचा धंदा एकच निघाला.

शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांची गोष्ट तू मला सांगितलीस तेव्हापासून मी ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. सरकारी हिशेबखात्यात नोकरी, १९०७ पासून दहा वर्षं, आणि कलकत्त्यात असताना ऑफिसच्या आधी आणि नंतर बहूबाजारच्या त्या प्रयोगशाळेत जाऊन वाद्यं छेडत बसायचे. युरोपातल्या मोठ्या लोकांनी ठरवलेला नियम होता की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथं ज्या उपस्वराची गाठ येते, तो उपस्वर वाजत नाही. मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब. रामन यांनी १९२१ साली लिहिलं की आमचा तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, जो उपस्वर नसायला हवा तो तिथं दणकून वाजतो, आणि त्याचं कारण ती रुंद घोडी. मला ह्यात गंमत वाटते ती अशी, की गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं की तंबोरा कुठंही छेडला तरी बोलतो. फक्त तो न बोलायला हवा होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. नियम माहीत नसेल तर तो मोडल्याचं कसं कळणार? मला वाटतं तिथंच तुझ्या विद्येचं खरं काम सुरू होतं. आम्हाला ज्याची सवय झालेली असते त्याचं तुम्हाला आश्चर्य वाटतं.

आणि तो गॅलिलिओचा बाप. व्हिन्चेन्झो. ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारा माणूस. शतकानुशतकं पुस्तकात लिहिलेलं की तारेला दुप्पट वजन टांगलं की स्वर सप्तकभर चढतो. ह्यानं खरोखर वजनं टांगून बघितली तर चौपट लागलं. पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी कुणी एकदा तरी तार पिळली असती तर कळलं असतं. सप्तकभर चढवायला गेलं की आधी तार तुटून गालावर बसते. माझ्या गालावरची खूण तू बघितलीसच. त्या व्हिन्चेन्झोला पोराला डॉक्टर करायचं होतं म्हणे. बाप लोकांना काही कळत नाही, हे तिकडंही असंच.

आता नाशिकच्या बाई.

गेल्या दोन वर्षांत माझ्याकडून गेलेले तीन तंबोरे परत आले. जवारी जरा टोचते, थोडी मिटवून द्या, एवढीच तक्रार. मी करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण मनात म्हणत होतो, ह्यांचे कान मोबाईलवरच्या तंबोऱ्यानं बिघडलेत, खरा आवाज सोसत नाही. नाशिकच्या बाई तर वयानं आणि मानानं मोठ्या, पन्नास वर्षं गाणाऱ्या. त्या दुकानात बसून म्हणाल्या, "अप्पा, तुमचा हात पूर्वी असा नव्हता." मी त्यांना चहा पाजला आणि त्या गेल्यावर त्यांच्याबद्दल जे बोललो ते आईनं ऐकलं. म्हणून तिनं गवार निवडता निवडता त्यांचं नाव काढलं.

आलेख येऊन चार दिवस झाले तेव्हा मी कुणाला न सांगता सांगलीला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं मशीन बंद पडलं. बाहेर बघितलं तर ती मुलगी मशीनवर बोट फिरवतच होती.

त्यांनी कागद दिला तो ह्या पत्राबरोबर पाठवतोय. २००० हर्ट्झपर्यंत रेघ सरळ आहे, ४००० च्या पुढे डोंगर उतरावा तशी उतरते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काळजीचं नाही, बोलणं ऐकायला काही अडचण यायची नाही. मग सहज विचारलं, "रात्री रातकिडे ऐकू येतात का?" मी म्हटलं, आता कुठले रातकिडे, औषधं मारून मारून सगळे संपले. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "रोज कान किटतात, तुम्हाला नाही का येत?"

रात्री तुझा आलेख आणि माझ्या कानाचा कागद शेजारी शेजारी ठेवले. जिथं माझा कान उतरतो, बरोबर तिथं माझी जवारी चढते. मला वरचं कमी ऐकू यायला लागलं, म्हणून ते माझ्या कानाला पूर्वीइतकं येईपर्यंत मी घोडी उघडत गेलो. माझ्यासाठी आवाज तोच राहिला. जग मात्र ओरडायला लागलं. कुणाची लबाडी नाही, कुणाचा आळस नाही. हाताला कान सांगेल तसं हात करत गेला, आणि कान काय सांगायचं विसरला हे हाताला कसं कळणार?

वाईट वाटलं का म्हणशील तर हो. दोन दिवस दुकान उघडलं नाही, पाठ धरलीय म्हणून सांगितलं. पण त्या दोन दिवसांत मला चाचांची एक गोष्ट आठवली आणि त्यासाठीच हे एवढं लांब पत्र लिहितोय.

चाचांच्या शेवटच्या सात-आठ वर्षांत ते जवारी घासायचे, दोरा तारेखाली घालायचे, आणि शेवटचा केसभर मात्र मला हाक मारायचे. "तू देख. बस हुआ क्या?" मी सांगेन तिथं दोरा थांबवायचे. ज्या माणसानं त्याच्या कानानं ऐकलं म्हणून मला डबा फेकून मारला होता, तो आता माझ्या कानानं ऐकत होता. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत. मग वाटायला लागलं, कंटाळले असतील. ते गेल्यावर मी लोकांना सांगायचो, शेवटी शेवटी चाचांनी सगळं माझ्यावर सोडलं होतं, आणि ते सांगताना छाती थोडी फुगायची.

त्यांना माहीत होतं, माऊ. कागद नाही, काचेची खोली नाही, हेडफोन नाही. कसं कळलं असेल? मी रोज शेजारी बसत होतो आणि त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एखादा तंबोरा परत आला असेल आणि त्यांनी गिऱ्हाइकाला शिव्या देण्याऐवजी स्वतःकडे बघितलं असेल, एवढंच मला सुचतं. मला तीन परत आले तरी जमलं नाही. मला तुझा आलेख लागला.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "कला सोडून मी सायन्सला गेले ह्याचं तुम्हाला वाईट वाटतं ना?" खरं सांगतो, बारावीनंतर तू गाण्याचा क्लास सोडलास तेव्हा वाटलं होतं. तुझ्यासाठी मुद्दाम केलेला तंबोरा तू हॉस्टेलात गवसणीतून काढतही नाहीस हे कळलं तेव्हा जास्त वाटलं. मग समजलं की गवसणीतून काढलास, पण माइकसमोर ठेवायला. त्यावर काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "मी फक्त मोजलंय, अप्पा" असं तू म्हणतेस त्यातला "फक्त" तेवढा काढून टाक. आणि गाणं परत सुरू कर असं मी म्हणणार नाही, पण कान रोज चार सुरांत बसव. तुझा आहे तोवर.

एका गोष्टीत मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. तू म्हणतेस, घोडीचा उतार एकदा समीकरणात बसला की मशीनवर हजारो सारख्या घोड्या कापता येतील. येतील. कापतातही, प्लास्टिकच्या घोड्या हाडापेक्षा जास्त दिवस टिकतात हेही मान्य, त्यात तारेची खाच लवकर पडत नाही. पण कुठला उतार हजार वेळा कापणार? चाचांचा? माझा पस्तिसाव्या वर्षीचा, की आत्ताचा? नाशिकच्या बाईंना मिटलेली जवारी लागते, त्यांचाच शिष्य उघडी मागतो, आणि दोघंही खरं बोलतात. ह्याचं समीकरण जमलं तर मला आधी दाखव. मी चेष्टा करत नाही, खरंच बघायचंय.

२०२४ मध्ये आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले होते. मिरजेचा तंबोरा म्हणजे काय ते कागदावर लिहून झालं, भोपळा, लाकूड, सगळं. जवारीबद्दल त्यात काय लिहायचं हे मला कुणी विचारलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. तुझे चार आलेख मात्र मी आता डब्याखालून काढून भिंतीला लावलेत, चाचांच्या फोटोखाली. येणारे-जाणारे विचारतात, हे काय, शेअर बाजार का?

दुकान परवापासून उघडलंय. तुझ्या काकाचा थोरला आहे ना, त्याला संध्याकाळी तासभर शेजारी बसवतोय. बंद का उघडी, एवढंच विचारतो. काल मला खूश करायला "तुम्ही म्हणाल तशी" म्हणाला. मी डबा उचलला होता, पण त्यात स्क्रू होते, म्हणून ठेवून दिला.

नाशिकच्या बाईंना फोन केला. काय बोललो ते तुला नंतर सांगेन. त्यांचा तंबोरा पुन्हा मागवून घेतलाय. घोडी घासून तयार आहे, तारा चढवल्यात. दोरा घातलेला नाही. तो दिवाळीपर्यंत तसाच ठेवतो. तू येशील तेव्हा तुझा माइक आण, लॅपटॉप आण, आणायचं ते सगळं आण, पण दोरा सरकवताना लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे करू नकोस. मी छेडीन, तू सांगशील कुठं थांबायचं. आणि खर्जावर बोट ठेवायचं असेल तर ठेव. तार काळी पडली तर पडू दे, माझ्याकडे आख्खं बंडल आहे.

आईनं चकली भाजणीचं विचारलंय, तिकडे पाठवायची का दिवाळीलाच खाशील.

तुझे,
अप्पा

ता. क. झेरॉक्सवाल्यानं चार रंगीत पानांचे ऐंशी रुपये घेतले. पुढच्या वेळी रेघा काळ्याच काढ, एक सलग आणि एक तुटक.